वादळांची प्रतवारी आणि मोकळ्या रानाचे मौन

१/ ३१ मे २०१३. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, एल रिनोजवळ ४.२ किलोमीटर रुंदीचा टॉर्नेडो आला. आठ जणांचा बळी गेला. फिरत्या रडारने वाऱ्याचा वेग ताशी ४८० किलोमीटरहून अधिक मोजला. अधिकृत नोंदीत मात्र श्रेणी ‘ईएफ३’, म्हणजे ताशी फार तर २६५ किलोमीटर. असे का?

२/ उत्तरासाठी १९४५ च्या नागासाकीत जावे लागेल. अणुबॉम्बनंतर तेत्सुया फुजिता हे तरुण अध्यापक तेथे पाहणीस गेले. स्मशानातील बांबूच्या फुलदाण्यांवरील होरपळीच्या खुणांवरून त्यांनी स्फोटाची उंची अनुमानली. घटना सरली होती. खुणा उरल्या होत्या.

३/ पुढे ते शिकागोला गेले. टॉर्नेडोतील वारा मोजणे तेव्हा जवळजवळ अशक्य होते. म्हणून १९७१ मध्ये त्यांनी पडझडीवरून वेग ठरवणारी एफ० ते एफ५ ही श्रेणी मांडली. २००७ पासून तिचीच सुधारित ‘ईएफ’ आवृत्ती अमेरिकेत वापरात आहे.

४/ या श्रेणीने पाहता तीव्रतेचे वितरण झपाट्याने उतरते. बहुसंख्य टॉर्नेडो तळच्या दोन पायऱ्यांवर. वरच्या दोन पायऱ्यांवर शंभरात जेमतेम एखादा.

५/ आता साधनचिकित्सा. १९५० पासूनच्या जुन्या टॉर्नेडोंना १९७० च्या दशकात पूर्वलक्षी श्रेणी दिली गेली. हे काम प्रामुख्याने विद्यार्थ्यांनी केले, वृत्तपत्रांतील बातम्या वाचून! बातमीत सर्वाधिक उद्ध्वस्त घराचेच वर्णन येते. त्यामुळे जुनी वादळे प्रत्यक्षाहून प्रबळ भासतात.

६/ उलट दोष मोकळ्या रानाचा. पाडायला घरच नसेल, तर वादळ दुबळे ठरते. एल रिनोत हेच घडले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फिरत्या रडारच्या नोंदींवर आधारित अभ्यासात सुमारे २० टक्के टॉर्नेडोंचा वारा वरच्या दोन श्रेणींइतका आढळला.

७/ हा केवळ आकड्यांचा वाद नव्हे. घरे, निवारे आणि अणुवीज केंद्रे किती वाऱ्याला टिकावीत, याचा हिशेब अशाच नोंदींवर बेततो.

८/ आपण इतिहासाचे विद्यार्थी हा सापळा ओळखतो. जेथे वस्ती, तेथे दप्तर. जेथे दप्तर, तेथे ‘घटना’. म्हणून कोणताही तक्ता वाचताना आधी विचारावे: ही नोंद वादळाची आहे, की त्याच्या वाटेत उभ्या असलेल्या घरांची?