उसाच्या बिलातील विद्यादान

आमच्या घोडेगावच्या कांदा बाजारात ज्याने पट्टी हाती घेतली आहे, त्यास कपातीचा रकाना वाचण्याची सवय असते. हमाली, तोलाई वजा जाता पदरात काय उरले, एवढेच तो पाहतो. उसाच्या बिलातूनही प्रतिटन काही रक्कम शिक्षणासाठी कापून घेण्याची रीत आपल्याकडील अनेक सहकारी कारखान्यांत पडली. ती कशी रुजली, हे मंडळाच्या तरुण पिढीस ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात पहिले दान कारखान्याचे नव्हे. १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजास दिलेल्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली व धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले. पुढे लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करू लागले, तेव्हा अध्यक्षपदी त्यांनी याच विद्वानास बसविले. विठ्ठलरावांचे स्वतःचे शालेय शिक्षण अल्प. परंतु हिशेब जाणणारा व लोभ नसणारा मनुष्य कोठे मिळेल, हे त्यांनी अचूक ओळखले. १९४८ च्या अखेरीस कारखान्याची नोंदणी झाली, १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम पार पडला. पुण्याच्या ग्रंथालयात अभ्यास करणारा अर्थशास्त्रज्ञ प्रवराकाठच्या कास्तकारांबरोबर ताळेबंद तपासू लागला, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते.

त्या उपकाराची फेड मग साखरेने केली. १९६४ साली प्रवरानगरास निवासी विद्यालय निघाले, १९८३ मध्ये अभियांत्रिकी व १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय. २००३ मध्ये तेथील वैद्यकीय संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. राज्यातील साखर कारखान्यांनी मिळून १९७५ साली पुण्याजवळ मांजरीस ऊससंशोधनाची संस्थाही उभारली. तिचा लाभ थेट शेतात दिसतो.

तथापि १९८३ पासून शासनाने विनाअनुदानित महाविद्यालयांस मुभा दिली आणि शुल्काचा प्रश्न उभा राहिला. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा ऊस वर्षानुवर्षे परतालुक्यातील एका कारखान्यास जात असे. (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही.) शिक्षणनिधीची कपात बिनचूक होई. मुलास अभियांत्रिकीस प्रवेशही मिळाला. शुल्क मात्र जमले नाही. आज तो आडतीवर पट्ट्या लिहितो, आणि अक्षर अद्याप सुरेख आहे. बापाने दान दिले होते खरे, पण त्याबदल्यात लेखी मागितले काहीच नव्हते.

आपल्या मंडळाचा विद्यार्थी निधीही आपण दरवर्षी वह्या-पुस्तकांत वाटून टाकतो व विसरतो. यंदाच्या वार्षिक सभेत आम्ही असा ठराव मांडणार आहोत की, निम्मा निधी एखाद्या महाविद्यालयाकडे ठेव म्हणून द्यावा, त्याच्या व्याजातून दरवर्षी निदान एका गरजू मुलाचे वा मुलीचे शुल्क भरले जाईल असा करार स्टॅम्पावर करून घ्यावा, आणि त्याचा हिशेब याच स्मरणिकेत छापावा. ठरावास अनुमोदक हवा आहे.