एका पित्याचा अर्ज

केरळांतील ईच्चर वारियर हे आमच्यासारखेच प्राध्यापक; हिंदी शिकवीत. आणीबाणींत, १ मार्च १९७६ रोजीं, त्यांचा मुलगा राजन यास कालिकतच्या इंजिनियरिंग कॉलेजांतून पोलिसांनीं नेलें. बापानें गृहमंत्री करुणाकरन यांच्यापासून सगळ्यांचे उंबरठे झिजविले. अखेर १९७७ सालीं हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. त्यावर, मुलास पकडलेंच नव्हतें, असें सरकारपक्षानें शपथेवर सांगितलें! चोरानें नाकबूल जावें हें आम्ही समजूं शकतों, पण रक्षकानें? उच्च न्यायालयानें तें मानलें नाहीं, आणि एव्हांना मुख्यमंत्री झालेल्या करुणाकरनांस महिन्याभरांत पद सोडावें लागलें. प्रेत मात्र मिळालें नाहीं. आजारी आईला घरच्यांनीं खरें सांगितलेंच नाहीं. २००० सालीं ती गेली, तोंवर मुलाविषयीं विचारीत होती.