करार घाट चढतो तेव्हा

एप्रिल 1921. तुम्ही लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर उभे आहात. खंडाळ्याचा चढ चढून आलेलं वाफेचं इंजिन अजून धापा टाकतंय. वळवणच्या धरणाचं पाणी मोठमोठ्या नळांतून खोपोलीला उतरतं आणि तिथली वीज 1915 पासून मुंबईच्या गिरण्या चालवते. टाटा कंपनीला आता आणखी पाणी हवंय. ते कुठून येणार हे पाहायला तुम्ही कोराईगडाच्या अंगानं दक्षिणेला चालू लागता आणि मुळशी पेट्यात उतरता.

16 तारीख, रामनवमी. टाटांच्या नव्या धरणाच्या पायात शेकड्यांनी मावळे येऊन बसलेत, बायकाही. त्यांच्यात पांडुरंग महादेव बापट आहेत. ‘सेनापती’ हे बिरुद त्यांना याच लढ्यात मिळायचंय. शेजारचा म्हातारा कमरेची नोटीस काढून तुमच्यापुढे धरतो.

‘‘दादा, तुमी शिकल्यालं दिसता. जमीन द्यायचीच न्हाई, आसं कुटं ल्ह्यायचं?’’

तुम्ही कागद उलटसुलट करून पाहता. भूसंपादनाचा कायदा 1894 चा आहे. मोबदला कमी वाटला तर कोर्टात जाता येतं. पण जमीनच द्यायची नाही, ही हरकत ऐकून घेण्याची सोय कायद्यात नाही. ते ‘5-अ’ कलम यायला अजून दोन वर्षं आहेत. कलेक्टर सरकारचा, कायदा सरकारचा आणि सरकारच्या वर म्हाताऱ्याला ठाऊक असलेलं कोणी नाही.

आता त्याच विजेच्या तारेमागोमाग घाट उतरा. जुलै 1921, गिरणगाव. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. इथल्या पुरुष कामगाराला कायद्यानं दिवसाला 12 तास राबवता येतं. पण दोन वर्षांपूर्वी वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, त्याला नारायण मल्हार जोशी हजर होते. कामाच्या तासांचा करार तिथे झाला. बहुतेक देशांना आठवड्याला 48 तास, हिंदुस्थानला सवलत देऊन 60. 14 जुलै 1921 ला हिंदुस्थान सरकारनं तो मान्य केला आणि 1922 च्या दुरुस्तीनं फॅक्टरी कायद्यात दिवसाला 11 आणि आठवड्याला 60 तासांची मर्यादा आली.

सरकारला अचानक कामगारांची दया आली, असं समजू नका. 1919 आणि 1920 चे मोठे संप तुमच्या कानावर आहेत. मुंबईचं स्वस्त कापड खुपणाऱ्या लँकेशायरलाही इथले तास कमी झालेले हवेच होते. करारानं या सगळ्या रेट्याला तारीख आणि आकडा दिला. पाणी मावळचं, सरकार तेच. गिरणीत त्याला बाहेर दिलेला शब्द पाळावा लागला. मुळशीत कोणाला शब्दच दिलेला नव्हता.

पुढे चला. 10 एप्रिल 1979. आणीबाणी सोसून निवडून आलेलं सरकार दिल्लीत नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारतं. लोणावळ्याच्या पोलीस ठाण्यात त्या दिवशी काहीही बदलत नाही. शिवाय करार स्वीकारताना सरकारनं हातचं राखून ठेवलंय: बेकायदा अटक झालेल्याला भरपाईचा हक्क भारतात नाही, असं लेखी नोंदवलंय. ज्यामुळे व्यक्तिगत तक्रार थेट जिनिव्हाच्या मानवी हक्क समितीकडे नेता येईल, तो जोडकरारही स्वीकारलेला नाही.

पण कागद एकदा दप्तरी लागला की तो कोणाच्या हाती पडेल, हे तो स्वीकारणाऱ्याच्या हातात राहत नाही. ओरिसातल्या एका आईनं कोठडीत दगावलेल्या मुलाबद्दल दाद मागितली. 1993 मध्ये त्या निलाबती बेहरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याच कराराचा आधार घेत भरपाई दिली. डिसेंबर 1996 मध्ये डी. के. बसू खटल्यात न्यायालय म्हणालं की त्या जुन्या नोंदीत आता अर्थ उरलेला नाही, आणि अटकेचे 11 नियम घालून दिले. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटकेचा मेमो, नातेवाइकाला खबर. हे नियम प्रत्येक ठाण्यात ठळक जागी लावायचा हुकूम झाला. पुढे त्यांतले बरेचसे फौजदारी प्रक्रिया संहितेतही आले. न्यूयॉर्कला मंजूर झालेला करार वडगाव मावळपर्यंत आला तो असा, दिल्लीच्या कोर्टातून.

आता थांबा. 9 ऑगस्ट 2011, क्रांतिदिन. पाऊस, चिखल, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मावळातल्या बऊरजवळ खोळंबलेल्या गाड्या. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळातून पाणी न्यायला शेतकऱ्यांचा विरोध आहे, कारण नदीचं वाहतं पाणी गेलं तर काठची शेती कशी जगणार? दगड पडतात. मग गोळ्यांचे आवाज. तीन जण मरतात, त्यांत एक बाई.

जीव वाचवायलाच आणि दुसरा उपाय नसेल तरच शस्त्र वापरावं, ही संयुक्त राष्ट्रांची तत्त्वं 1990 पासून छापलेली आहेत. त्यांनी बंदूक खाली आणली नाही. फरक दुसऱ्या दिवसापासून दिसतो. न्यायालयीन चौकशी जाहीर होते, गोळीबाराचं समर्थन लेखी द्यावं लागतं, जलवाहिनीचं काम थांबतं ते वर्षानुवर्षं. मुळशीच्या म्हाताऱ्याला न सापडलेली दारं आता आहेत. ती करकरत, उशिरा उघडतात. आणि 1894 चा तो कायदा? बऊरला तुम्ही उभे असताना तो अजून लागूच आहे. 1 जानेवारी 2014 ला नवा कायदा येईल तेव्हाच तो जाईल, आणि तेही नर्मदेपासून सिंगूरपर्यंतच्या लोकांच्या रेट्यानं.

शेवटचा मुक्काम जिनिव्हा, जुलै 2024. मानवी हक्क समितीपुढे भारताचा आढावा चाललाय. याआधीचा झाला होता जुलै 1997 मध्ये. मधली 27 वर्षं आढावा झालाच नाही आणि बऊरचा दिवस नेमका त्या पोकळीत पडला. छळविरोधी करारावर भारतानं 1997 मध्येच सही केली, ती अजून पक्की केलेली नाही. उशीर झाला म्हणून जिनिव्हाहून कोणी पोलीस पाठवत नाही.

म्हणून करारांकडून अपेक्षा ठेवायची ती बेतानं. ते सरकारचा हात धरत नाहीत. सरकारला उत्तर द्यायला लावण्याची सोय करतात, आणि तीही कोणी प्रश्न विचारला तरच. गिरणी कामगारांनी संप करून विचारला, ओरिसातल्या आईनं कोर्टात विचारला. परत लोणावळ्याला उतराल आणि कधी ओळखीच्या कोणाला पोलिसांनी नेलं, तर ठाण्यात आवाज चढवू नका. अटकेचा मेमो मागा आणि त्यावर वेळ घातलीय का, ते बघा.