आधी मुक्कामाची सोय

पालकहो, मुलाला कॉलेजात प्रवेश मिळाला की आपण फी, पुस्तके व कपड्यांचा हिशेब मांडतो. तो राहणार कोठे, जेवणार कोठे, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी तोच आधी हाती घेतला होता.

कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झाले. पण खेड्यातल्या मुलाची शहरात ओळख नाही, खाणावळ परवडत नाही, आणि सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात परक्याच्या घरी खोली मिळणे त्याहून कठीण. हुशार मुलगा परीक्षेत हरण्याआधी मुक्कामातच हरत असे. महाराजांनी १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. काही मुसलमान मुलांची सोय आरंभी तेथेच झाली. पुढे १९०६ साली त्यांनी शहरातील मुसलमान मंडळींची सभा बोलावली, मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. अध्यक्ष स्वतः महाराज! आणि हे पद नुसते शोभेचे नव्हते. दरबाराने बोर्डिंगला जागा व पैसाही दिला. दसरा चौकातील ते बोर्डिंग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

कोल्हापुरातच जैन बोर्डिंगात राहून शिकलेले भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत. घर सोडून आलेल्या मुलाला सोबती मिळाले की तो टिकतो, हे भाऊरावांनी स्वतः अनुभवले असावे, असे मला वाटते.

विद्यार्थी मित्रहो, पहिला महिना जड जातो. रमजानात तर सहेरीला उठवणारी अम्मी आठवतेच. त्यात लाज कसली? मात्र खोलीत एकटे बसून राहू नका. आपल्या गावचा वरच्या वर्गातील मुलगा शोधा, अडचण रेक्टरांच्या कानावर घाला. वडिलांनीही दर वेळी केवळ मार्कांची चौकशी करू नये. जेवलास का, झोप लागते का, हेही विचारावे.

मुलींच्या बाबतीत बारावीनंतर "तिथे राहणार कुठे?" एवढ्यावरच शिक्षण थांबलेली घरे मी पाहिली आहेत. नकार देण्यापूर्वी आईने स्वतः ते वसतिगृह पाहून यावे, रेक्टरबाईंशी बोलावे, आणि तेथे राहणाऱ्या दोन मुलींना भेटावे.