पाय वयर ठेव!

होडी सिंधुदुर्ग किल्ल्याबाहेर खडपांच्या आडोशाला नांगरली आहे. डिसेंबरची सकाळ, वारा पडलेला, पाणी बऱ्यापैकी निवळ. तुमच्या पाठीवर हवेची टाकी, तोंडात रेग्युलेटर, अंगात हवा भरता येणारं जॅकेट, कमरेला शिशाचा पट्टा. गाईड शेवटची सूचना देतो, "खाली गेल्यार पाय वयर ठेव. हात मारू नको."

तुम्ही मान डोलावता आणि खाली गेल्यावर नेमकं उलटं करता. पाय लोंबकळतात, डोकं वर राहतं, हात आपोआप पाणी कापू लागतात. पाच-सहा मीटरवर खडकाला धरून पोवळ्याची एक गोल गाठ वाढली आहे. तुमच्या फिनचं टोक तिच्यापासून वीतभर अंतरावर येतं. मागून गाईड टाकी धरून तुम्हाला वर खेचतो, म्हणून ती वाचते.

ही गाठ पोराइट्स जातीची. असं पोवळं वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं आणि त्याच्या चुनखडी अंगात वर्षावर्षाचे पट्टे उमटतात. काप घेऊन एक्स-रे काढला की ते मोजता येतात. तुमचा आजचा प्रवास याच पट्ट्यांतून आहे. जितके सेंटीमीटर आत, तितकी वर्षं मागं. भाडं मात्र वेगळं आहे: प्रत्येक मुक्कामाला अंगावरची एक गोष्ट उतरवून ठेवायची.

दहा-अकरा सेंटीमीटर आत. 2015. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था सुरू झाली आहे. तुम्ही तिथल्या तलावात आहात आणि इथं गाईडचा हात सोडायचा आहे. तो सुटताच तुमचं शरीर हळूहळू उभं होतं. कुणी ढकललेलं नाही, मग हे कसं घडलं? छातीत फुप्फुसं, म्हणजे हवा. ती वरच्या अंगाला उचलते. कमरेला शिसं, पायांत जड फिन्स. ते खालच्या अंगाला ओढतात. प्लावक बलाचा मध्य छातीकडे आणि गुरुत्वमध्य कमरेकडे. हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत येईपर्यंत शरीर फिरतच राहतं. कावडीच्या एकाच टोकाला घागर बांधली, तर खांद्यावर दुसरं काय होणार?

उपाय कावडीवाल्याला ठाऊक असतो: वजन सरकवायचं. कमरेवरचं थोडं शिसं टाकीच्या वरच्या पट्ट्यावर, खांद्यांजवळ न्यायचं. टाकी दोन बोटं डोक्याकडे बांधायची. गुडघे काटकोनात दुमडून फिन्स वर घ्यायचे, म्हणजे पायांचं वजन मध्याकडे येतं. हात पुढं पसरायचे. मान थोडी उचलून नजर समोर. आता तुम्ही आडवे आहात आणि कुणीही धरलेलं नाही.

चाळीसेक सेंटीमीटर. 1987. 13 एप्रिलला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं आहे, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. या पाण्यातली पोवळी आता कायद्याच्या राखणीत आहेत. पण फिनची लाथ कागद वाचत नाही. या मुक्कामाला फाजील शिसं काढून ठेवायचं आहे. नवख्या माणसाला बुडायची घाई असते, म्हणून तो चार किलोंऐवजी आठ किलो बांधतो. मग ते जादा वजन पेलायला जॅकेटमध्ये हवा भरतो. छातीकडे हवा वाढली, कमरेकडे शिसं वाढलं. शरीर पुन्हा उभं. पुढं सरकायला पाय मारले, तर पाणी खाली ढकललं जातं आणि तळाची वाळू उडून पोवळ्यावर बसते.

वजन बरोबर आहे का, हे पृष्ठभागावरच कळतं. जॅकेट रिकामं करा, नेहमीसारखा श्वास घेऊन स्तब्ध राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. श्वास सोडला की हळूच बुडायला हवं. टाकी भरलेली असताना ही परीक्षा घेतली, तर दोनेक किलोंची भर धरा. कारण नेहमीच्या अकरा लिटरच्या टाकीतली सुमारे दोन किलो हवा तुम्ही डाइव्ह संपेपर्यंत श्वासातून संपवणार आहात.

ऐंशीच्या थोडं पुढं. 1943. तिकडे युद्धात होरपळणाऱ्या फ्रान्समध्ये जाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी, मागेल तेव्हा आणि मागेल तेवढी हवा देणारं यंत्र नुकतंच तयार केलं आहे. इथं जॅकेट उतरवा. त्याचा पूर्वज, मोरिस फेन्झीची फुगवता येणारी पिशवी, यायला 1961 उजाडायचं आहे. आता तुमच्याजवळ टाकी, बेताचं शिसं आणि श्वास एवढंच.

श्वास घ्या. शांत श्वास अर्ध्या लिटरचा असतो, म्हणजे अर्धा किलो उचल. लगेच काही होत नाही. दोन-तीन सेकंदांनी तुम्ही वर सरकता. घाबरून सोडून दिलात तर तितक्याच उशिरानं खाली जाता. ही दिरंगाई अंगवळणी पडली की कळतं: वर जायला लागण्याआधीच सोडायला सुरुवात करायची. पेडवे माशांचा थवा समोरून जातो, तुम्ही त्याच उंचीवर राहता. श्वास कोंडायचा मात्र नाही. टाकीतली दाबाखालची हवा छातीत धरून वर आलात, तर ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं.

यापुढं पोवळं पुरत नाही. उरलेला प्रवास उसना. 1664. टाकी आणि उरलेलं शिसंही काठावर ठेवा. 25 नोव्हेंबर. मालवणच्या किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्यापाशी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मुहूर्ताची पूजा चालली आहे आणि समोर कुरटे बेट अजून उघडं आहे. दोनच वर्षांपूर्वी, 1662 मध्ये, इंग्लंडात रॉबर्ट बॉइलनं दाब वाढला की हवेचं आकारमान त्याच प्रमाणात आक्रसतं, हे छापून टाकलं आहे. मालवणला येणाऱ्यांनी तो नियम लक्षात ठेवावा असाच आहे. पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत जाताना हवा निम्मी होते. पुढच्या दहा मीटरांत ती निम्म्यावरून एक तृतीयांश होते. सर्वांत मोठा फरक उथळात पडतो. म्हणून पाच-सहा मीटरवर स्थिर राहणं वीस मीटरपेक्षा अवघड आहे, आणि मालवणची बरीचशी पोवळी नेमकी या उथळ पट्ट्यात आहेत.

छातीभर श्वास घेऊन पाण्यावर उताणे पडा. यंत्र नाही, शिसं नाही, तरी पाय बुडू लागतातच. दोन्ही हात पाण्यातच डोक्यामागं लांब करा. पाय वर येतात. वजन तेवढंच आहे, फक्त जागा बदलली.

तीन वर्षांत, 1667 पर्यंत, समोर तट उभा राहील. त्याच्या पायाच्या दगडांत शिसं ओतल्याचं सांगतात. ते डोळ्यांपुढं आणा: रसरसलेला धातू हवा तिथंच, दगडाच्या सांध्यात उतरतोय. कारागिरानं ते बेटभर पसरलेलं नाही.

चला परत. येताना एकेक वस्तू उचला: टाकी, जॅकेट, मोजकं शिसं. आज मालवणला येणारे बरेच जण आयुष्यात एकदाच, गाईडच्या हाताखाली थोडा वेळ उतरतात. त्यांनी गुडघे दुमडावेत, हात छातीशी बांधावेत आणि श्वास सावकाश चालू ठेवावा. एवढ्यानं खालचं पोवळं वाचतं.

पूर्ण कोर्स करणार असाल, तर खोली किती गाठली याच्या आधी एक परीक्षा मागून घ्या. टाकीत पन्नास बार हवा उरलेली, खोली पाच मीटर, दोर धरायचा नाही, हात-पाय हलवायचे नाहीत. तीन मिनिटं आडवं, एका जागी. या परीक्षेत उतरलात, तर पोवळ्यांवर जा. तोवर सराव वाळूवर करा.