ॲक्रेडिट म्हणजे काय? अर्थ, वापर आणि ‘मान्यताप्राप्त’चा घोळ

दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका नोकरीचा फॉर्म भरताना प्रश्न आला: तुमचा डिग्री कोर्स ॲक्रेडिटेड आहे का? आमच्या कॉलेजच्या माहितीपत्रकावर ‘मान्यताप्राप्त’ असं ठळक छापलेलं होतं, म्हणून मी बिनधास्त ‘हो’ केलं. पुढे पुरावा मागितला तेव्हा कळलं की माझ्या ब्रँचला ॲक्रेडिटेशन नव्हतंच. अर्ज बाद! तुमचं असं होऊ नये म्हणून हा लेख.

अर्थ काय?

ॲक्रेडिट हे क्रियापद आहे. अधिकार असलेल्या संस्थेने तपासणी करून ‘हे ठरलेल्या दर्जाचं आहे’ अशी नोंद देणं, हा मुख्य अर्थ. मराठीत याला नेमका शब्द आहे अधिस्वीकृती. पत्रकारांना सरकारकडून मिळते ती अधिस्वीकृती पत्रिका याच शब्दातून आली.

घोळ कुठे होतो?

इंग्रजीत तीन वेगळे शब्द आहेत आणि आपण तिन्हींना ‘मान्यता’च म्हणतो.

१. अप्रूव्ह: कोर्स चालवायची परवानगी. इंजिनिअरिंगसाठी ती एआयसीटीई देते.
२. ॲफिलिएट: कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असणं. डिग्री विद्यापीठाची मिळते.
३. ॲक्रेडिट: दर्जाची तपासणी. नॅक अख्ख्या कॉलेजची करते, एनबीए एकेका कोर्सची. दोन्ही संस्था १९९४ मध्ये सुरू झाल्या.

म्हणजे एकाच कॉलेजात कॉम्प्युटरला एनबीए असेल आणि मेकॅनिकलला नसेल, असं होऊ शकतं. शिवाय याला मुदत असते. संपली की पुन्हा तपासणी.

परदेशात याला महत्त्व का? २०१४ मध्ये एनबीए ‘वॉशिंग्टन अकॉर्ड’ची कायम सदस्य झाली. त्यामुळे एनबीएच्या टियर-१ गटातल्या कोर्सना इतर सदस्य देशांत समकक्ष मानलं जातं. नॅकचा ग्रेड कितीही चांगला असला तरी इथे तो चालत नाही.

आणखी कुठे वापरतात?

• लॅब: रक्ताच्या रिपोर्टवर एनएबीएलचा लोगो दिसतो, तेही ॲक्रेडिटेशनच. पण ते ठरावीक चाचण्यांपुरतं असतं.
• राजदूत: इथे ‘ॲक्रेडिटेड टू’ म्हणतात, म्हणजे त्या देशासाठी नेमलेला. इटलीतले भारताचे राजदूत सॅन मरिनोलाही ॲक्रेडिटेड असतात. मान्यता कोणी दिली हे सांगताना मात्र ‘ॲक्रेडिटेड बाय’.
• श्रेय देणे: हाही अर्थ आहे, पण रोजच्या वापरात त्यासाठी ‘क्रेडिट’च जास्त चालतं.

मोबाईलवर कसं तपासाल?

एनबीएच्या वेबसाइटवर ॲक्रेडिटेड कोर्सची यादी असते. कॉलेजचं नाव शोधा, मग आपली ब्रँच आणि मुदत पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

यापुढे ‘मान्यताप्राप्त’ दिसलं की तीनच प्रश्न विचारा: कोणाची? कशाला? कधीपर्यंत? ॲडमिशन घेणारा कोणी मित्र असेल तर त्यालाही हे नक्की सांगा.