जागा संपली, आता नोंद कुठे? सर्व्हरच्या रोजकीर्दीची गोष्ट

वेब सर्व्हर आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ लिहून ठेवतो: कोणत्या पत्त्यावरून आली, केव्हा आली, काय मागितले, काय उत्तर गेले. ही त्याची रोजकीर्द. संगणकाच्या भाषेत ‘लॉग’. ती ज्या डिस्कवर लिहायची, ती डिस्कच एके दिवशी भरते. मग सर्व्हरने नोंदीविना पाने देत राहावे, की दार लावून घ्यावे? या प्रश्नाला दोन परंपरांनी नेमकी उलटी उत्तरे दिली. (थ्रेड)

पहिली परंपरा संरक्षण खात्याची. १९८३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने विश्वासार्ह संगणकांचे निकष प्रसिद्ध केले. मुखपृष्ठाच्या रंगामुळे ते ‘ऑरेंज बुक’ म्हणून ओळखले जातात. त्यांतील ‘सी-२’ या श्रेणीसाठी कोणी काय केले याचा माग राहणे अनिवार्य होते. १९९५ मध्ये विंडोज एनटी ३.५ या श्रेणीत उत्तीर्ण झाले. एनटीमध्ये एक कळ होती, तिचे नावच ‘क्रॅश-ऑन-ऑडिट-फेल’. ती चालू असताना सुरक्षेची नोंद लिहिता आली नाही, तर यंत्र स्वतःहून कोसळे. पुन्हा सुरू झाल्यावर फक्त प्रशासकालाच प्रवेश मिळे आणि त्याने कळ पूर्ववत करीपर्यंत बाकी सर्व बाहेर. ज्याची नोंद नाही ते घडताच कामा नये, असा हा न्याय.

दुसरी परंपरा विद्यापीठांची. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील ‘एनसीएसए’ या केंद्रात एक वेब सर्व्हर घडला. त्याच्यावर ठिगळे लावत १९९५ मध्ये ‘अपाची’ उभा राहिला. अपाचीत नोंद लिहिण्याची पाळी सर्वांत शेवटी येते, पान वाचकाकडे रवाना झाल्यावर. त्यामुळे लेखन फसले तरी परत घेण्यासारखे काही उरलेले नसते. सर्व्हर पुढच्या मागणीकडे वळतो. गंमत अशी, की हाच अपाची सुरू होताना कडक असतो: नोंदवही उघडताच आली नाही, तर तो सुरूच होत नाही. शिस्त उंबरठ्यापुरती!

या दोन परंपरांची टक्कर मायक्रोसॉफ्टच्याच ‘आयआयएस’ या वेब सर्व्हरवर झाली. संकेतस्थळावर येणारा अनोळखी वाचक तेथे आतल्या आत एका सामान्य खात्याने प्रवेश करतो. ती कळ पडली, की प्रशासकाखेरीज सर्व खाती बंद. म्हणजे वाचकही बाहेर. पाने जागेवर आणि सर्व्हर चालू, पण सुरक्षेची नोंदवही भरल्यामुळे संकेतस्थळ बंद. युद्धखात्याचा नियम सार्वजनिक वाचनालयाला लावल्यावर दुसरे काय होणार?

१९९९ मध्ये ‘कॉमन क्रायटेरिया’ हे निकष आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यांनी या पेचात कोणा एकाची बाजू घेतली नाही. नवी घटना नोंदू नये, किंवा खास अधिकाऱ्याखेरीज कोणालाही ती करूच देऊ नये, किंवा सर्वांत जुनी नोंद पुसून तिच्यावर लिहावे. यांतून निवड करणाऱ्याने करावी, एवढेच त्यांनी सांगितले. लिनक्सच्या ‘ऑडिटडी’मध्येही दुर्लक्ष करण्यापासून यंत्र बंद करण्यापर्यंतचे पर्याय मालकाच्याच हाती असतात.

पण यांपैकी एकही पर्याय निर्धोक नाही, कारण डिस्क नेहमी आपोआपच भरते असे नाही. हल्लेखोर लाखो निरर्थक मागण्या पाठवून ती मुद्दाम भरू शकतो. सर्व्हर लिहिणे थांबवत असेल, तर पुढची चोरी अंधारात होते. जुने पुसत असेल, तर घरफोडीची पहिली खूण नष्ट होते. बंद पडत असेल, तर संकेतस्थळ पाडण्याचे काम हल्लेखोराला आयते करून मिळते. म्हणून नोंदींसाठी वेगळी डिस्क ठेवणे, त्या लगेच दुसऱ्या यंत्राकडे पाठवणे आणि जागा संपण्याआधीच इशारा देणे या सवयी रुजल्या.

२००४ मध्ये आलेल्या ‘एन्जिनएक्स’च्या संहितेत याच पेचाचे एक बारीकसे उत्तर आहे. भरलेल्या डिस्कवर लिहू पाहताना फ्रीबीएसडी या प्रणालीवर प्रक्रिया बराच वेळ अडकून पडू शकते, असे तेथील टिपणात म्हटले आहे. म्हणून डिस्क भरल्याचे कळताच तो त्या सेकंदापुरते नोंद लिहिणे सोडून देतो आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा प्रयत्न करतो. वाचकाला थांबावे लागत नाही. त्या सेकंदातल्या ओळी मात्र कायमच्या जातात.

भारतात २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी १८० दिवसांच्या नोंदी जपणे बंधनकारक केले. डिस्क भरल्यावर सर्व्हरने काय करावे, हा प्रश्न तेव्हापासून येथे कायद्याचाही झाला आहे.